नको झालेली लॅसी

१९४१ च्या सुमाराची गोष्ट. हॉलिवूडमध्ये कुत्रे शिकवण्याचा व्यवसाय करणाऱ्या रड वेदरवॅक्सकडे एक मालक आपला कॉली जातीचा कुत्रा घेऊन आला. तक्रारी दोन होत्या. कुत्रा सारखा भुंकायचा आणि रस्त्यावरून मोटारसायकल गेली की जिवाच्या आकांताने तिच्यामागे सुटायचा. वेदरवॅक्सने भुंकणं आटोक्यात आणलं, पण मोटारसायकलचं वेड काही सुटेना. तोवर मालकाचा जीव विटला होता. शिकवणीचे साधारण दहा डॉलर द्यायचे राहिले होते, त्यांच्या बदल्यात त्याने कुत्राच देऊन टाकला.

या कुत्र्याचं नाव पॅल. १९४३ साली एमजीएमचा ‘लॅसी कम होम’ आला आणि पॅल ‘लॅसी’ झाला. एरिक नाइटच्या कादंबरीतली लॅसी मादी आहे, पॅल नर होता. मादी कॉलीचे केस उन्हाळ्यात झडतात आणि ती पडद्यावर रोडावलेली दिसते, नराची आयाळ टिकते. सुरुवातीला पॅलला फक्त धाडसाच्या प्रसंगांपुरतं घेतलं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन नदीला पूर आलेला असताना पोहण्याचा प्रसंग चित्रित झाला. पॅल पाण्यातून बाहेर आला, अंग न झटकता काठावर सरपटला आणि थकून आडवा झाला. पाण्यातून आलेला कुत्रा अंग झटकत नाही, असं कधी होत नाही. तेवढ्या एका गोष्टीत त्याचं शिक्षण आणि त्याची गुणवत्ता दिसली, आणि मुख्य भूमिका त्याची झाली. पुढे दूरदर्शन मालिकेत ‘लॅसी’ झालेले कुत्रे पॅलच्याच वंशातले होते.

ही गोष्ट एकट्या पॅलची असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. पण गाजलेल्या कुत्र्यांची पूर्वपीठिका बघत गेलं की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधला टोटो म्हणजे टेरी नावाची केर्न टेरियर कुत्री. तिला घरात घाण न करण्याचं वळण लावायला म्हणून कार्ल स्पिट्झकडे ठेवलं गेलं आणि मालक तिला न्यायला परत आलेच नाहीत. ‘ओल्ड येलर’ (१९५७) मधला स्पाइक प्राणी-निवाऱ्यातून आणलेला. ‘बेंजी’ (१९७४) मधला हिगिन्स बरबँकच्या निवाऱ्यातला, कोणत्या जातीचा हेही धड सांगता न येणारा. ‘द आर्टिस्ट’ (२०११) मधला अगी फार दांडगट म्हणून दोन घरांनी नाकारलेला. आणि या सगळ्यांचा पूर्वज रिन टिन टिन. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, सप्टेंबर १९१८ मध्ये, फ्रान्सच्या लोरेन भागात फ्लिरे गावाजवळ बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या एका श्वानगृहात ली डंकन या अमेरिकी सैनिकाला एक जर्मन शेफर्ड मादी आणि तिची डोळे न उघडलेली पिल्लं सापडली. त्यातली दोन त्याने स्वतःसाठी ठेवली. त्यातल्या एकाने पुढे वॉर्नर ब्रदर्सला सावरलं, असं म्हणण्याइतके त्याचे सिनेमे चालले.

म्हणजे सिनेमाने जगाला दिलेले मोठे कुत्रे बहुतेक करून कुणीतरी टाकलेले, विसरलेले किंवा नको म्हणून परत दिलेले होते. आणि त्यांचा सिनेमा पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक मात्र त्याच जातीचं पिल्लू विकत घ्यायला धावत गेला. सिनेमातल्या कुत्र्यांचा आढावा घ्यायचा तर मला तो इथूनच घ्यावासा वाटतो.

सुरुवात फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थने १९०५ साली ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ काढला. जेमतेम सहा-सात मिनिटांचा चित्रपट. भिकारीण बाळ पळवते, घरचा कुत्रा नदी पोहून, दारं ढकलत तिच्या खोलीपर्यंत जातो आणि मालकाला तिथे घेऊन येतो. कुत्रा हेपवर्थच्याच घरचा, ब्लेअर नावाचा. बाळ हेपवर्थचं, आई त्याची बायको, गोष्टही तिचीच. या चित्रपटाच्या प्रती इतक्या विकल्या गेल्या की मूळ निगेटिव्ह झिजली आणि सगळा चित्रपट दोनदा नव्याने चित्रित करावा लागला. कुत्रा धावतोय, त्याच्यामागे कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातोय आणि प्रेक्षकाला वाट कळतेय, ही सिनेमाची भाषा घडण्यात त्या कुत्र्याचा वाटा आहे.

मूकपटांच्या काळात तर कुत्रा आणि माणूस एका पातळीवर होते, कारण दोघांनाही बोलता येत नव्हतं. स्ट्राँगहार्ट हा जर्मनीत पोलिसी शिक्षण घेतलेला शेफर्ड १९२१ च्या ‘द सायलेंट कॉल’ पासून नायक झाला, आणि १९२३ पासून रिन टिन टिन. बोलपट आल्यावर कुत्र्याची जागा बदलली. ‘द थिन मॅन’ (१९३४) मधला अ‍ॅस्टा, म्हणजे स्किपी हा फॉक्स टेरियर, श्रीमंत जोडप्याच्या घरातला खट्याळ सोबती झाला. चाळीसच्या दशकात युद्धाच्या सावलीत लॅसी आली आणि कुत्रा म्हणजे निष्ठा हे समीकरण पक्कं बसलं.

निष्ठेचं सर्वांत मोठं दैवत मात्र जपानचं. हाचिको हा कुत्रा १९२३ साली ओदाते भागात जन्मला. त्याचे मालक प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो २१ मे १९२५ रोजी कामावर असतानाच वारले. हाचिको ८ मार्च १९३५ ला स्वतः मरेपर्यंत शिबुया स्थानकावर येत राहिला. १९८७ चा जपानी चित्रपट आणि २००९ चा रिचर्ड गेअरचा ‘हाची’ यांनी ही कथा जगभर नेली. दोन्ही चित्रपट मी पाहिले, दोन्ही वेळा रडले. पण वाचताना एक तपशील सापडला तो पडद्यावरच्या अश्रूंपेक्षा जास्त टोचला. सुरुवातीची काही वर्षं स्थानकावरचे कर्मचारी आणि विक्रेते या कुत्र्याला हाकलत, त्रास देत. १९३२ साली वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल लेख आला, तेव्हा लोक खाऊ घेऊन येऊ लागले. मेल्यावर तपासणीत त्याच्या पोटात याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या, काड्या निघाल्या. तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये, त्याचा पुतळा उभा राहिला होता. बातमी छापून येईपर्यंत तो कुणाच्याही लेखी एक भटका कुत्रा होता.

आता परिणामांकडे येऊ. सिनेमामुळे कुत्र्यांच्या जातींची मागणी वाढते का, हा प्रश्न गप्पांपुरता राहिलेला नाही. स्टेफानो घिरलांडा, अल्बर्टो अचेर्बी आणि हॅरॉल्ड हर्झोग यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्रा ठळक असलेले ८७ चित्रपट आणि अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदी ताडून पाहिल्या. ‘लॅसी कम होम’ नंतरच्या दोन वर्षांत कॉलींच्या नोंदणीत ४० टक्के वाढ झाली होती. डिस्नेच्या ‘द शॅगी डॉग’ (१९५९) नंतर ओल्ड इंग्लिश शीपडॉगची नोंदणी शंभर पटीने वाढली. एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा असा परिणाम दहा-दहा वर्षं टिकतो, आणि अलीकडच्या चित्रपटांत तो ओसरत चालला आहे, असंही त्यांना दिसलं. ओसरण्याचं कारण मला सोपं वाटतं. आता चित्रपट कमी आणि फोनवरचे छोटे व्हिडिओ जास्त, इतकंच. वेड तेच आहे, पडदा लहान झाला.

आपल्याकडे याचा पुरावा मोजलेला नाही, पण पाहिलेला आहे. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ साली आला. त्यातला टफी पांढराशुभ्र, गुबगुबीत, क्रिकेटच्या सामन्यात अंपायर होणारा. निशाने प्रेमला लिहिलेली चिठ्ठी तो कृष्णाच्या मूर्तीकडे बघून प्रेमऐवजी त्याच्या भावाकडे, राजेशकडे नेतो आणि सगळा पेच सुटतो. थिएटरात त्या क्षणी टाळ्या पडायच्या. पुढच्या वर्षभरात आमच्या एका गल्लीत तीन टफी आले. लोक त्यांना पामेरियन म्हणत, खरं तर तो इंडियन स्पिट्झ. त्यातला एक मला नीट आठवतो. घरातल्या मुलीची दहावी आली, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून त्याला गच्चीवर बांधू लागले. मग त्याचे केस गुंतले, त्वचेला खाज सुटली, वास येऊ लागला. एके सकाळी तो गच्चीवर नव्हता. गावाला शेतावर सोडला, असं आम्हा मुलांना सांगण्यात आलं. महिन्याभराने बाजाराच्या कोपऱ्यावर, भाजीच्या कचऱ्याशेजारी, करड्या पडलेल्या केसांचं एक लहान कुत्रं गावठी कुत्र्यांपासून अंग चोरून बसलेलं मी पाहिलं. टफी अशी हाक मारल्यावर त्याने मान वर केली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. घरी जाऊन सांगितलं, आणि कुणी काही केलं नाही. मीही नाही.

टफीच्या पाठोपाठ मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे पग आले. चपट्या नाकाचा हा कुत्रा दमट हवेत धड श्वास घेऊ शकत नाही, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही. मग हस्की आले. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला जीव ठाण्याच्या आणि नागपूरच्या फ्लॅटमध्ये. २०१६ साली केंद्राने व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आणण्यावर बंदी घातली, २०१७ मध्ये पैदास आणि विक्रीचे नियम आले, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई झाली. नियम चांगले आहेत. पिल्लाची आई दाखवा, असं विकणाऱ्याला विचारणारं गिऱ्हाईक मात्र मला अजून विरळाच दिसतं.

प्रेक्षकाची फसगत कुठे होते, हे कळायला कुत्रा अभिनय कसा करतो ते पाहावं लागतं. तो करत नाही. तो काम करतो. कॅमेऱ्यामागे शिकवणारा उभा असतो, त्याच्या हातात खेळणं किंवा मांसाचा तुकडा असतो, कुत्रा त्याच्याकडे टक लावून बघतो. मग संकलक त्या नजरेच्या आधी मालकाची तिरडी जोडतो आणि आपल्याला शोक दिसतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने नटाच्या निर्विकार चेहऱ्याला कधी सूपची वाटी, कधी शवपेटी जोडून हेच दाखवलं होतं. ‘द आर्टिस्ट’ मध्ये अगी नायकाला क्षणभर सोडत नाही, त्याचं कारण नायक झालेल्या जाँ दुजार्दाँच्या कपड्यांत लपवलेले सॉसेजचे तुकडे. ‘मार्ली अँड मी’ (२००८) मधला एक मार्ली उभा करायला २२ लॅब्राडॉर लागले. पडद्यावर दिसणारा समजूतदार कुत्रा प्रत्यक्षात एक कुत्रा नसतोच, तो अनेक कुत्रे, अनेक टेक आणि शिकवणाऱ्याचे कित्येक महिने यांचा मिळून झालेला असतो. घरी आणलेल्या तीन महिन्यांच्या पिल्लाकडून तीच अपेक्षा केली की त्याने चप्पल फाडली तरी विश्वासघात वाटतो.

या कामात कुत्र्याला त्रासही होतो. टेरीच्या पायावर ‘ऑझ’ च्या सेटवर एका नटाचा पाय पडून तो मुरगळला होता. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’ मध्ये घोड्याला कड्यावरून ढकललं गेलं, त्यानंतर अमेरिकेत चित्रीकरणावर देखरेख सुरू झाली. तरी २०१७ मध्ये ‘अ डॉग्ज पर्पज’ च्या सेटवरचा व्हिडिओ बाहेर आला. घाबरलेल्या शेफर्डला खळाळत्या पाण्यात उतरवण्याचा प्रयत्न त्यात दिसत होता. प्रीमियर रद्द झाला. चौकशीत व्हिडिओ दिशाभूल होईल असा कापलेला आढळला, पण कुत्र्यावरचा ताण आधीच ओळखायला हवा होता, हेही मान्य झालं. भारतात प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आणि २००१ चे नियम आहेत, आणि प्राणी असलेल्या चित्रपटाला प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (२०२०) मधला बक तर पूर्णपणे संगणकावरचा आहे, सेटवर त्याच्या जागी टेरी नोटरी हा माणूस वावरत होता. कुत्र्याला इजा होत नाही, हे उत्तमच. पण बकच्या भुवया माणसासारख्या हलतात, आणि तो चित्रपटभर मला कुत्रा वाटला नाही.

कुत्रा कुत्राच राहिला तर काय होतं, याचं माझ्या मते सर्वश्रेष्ठ उदाहरण व्हित्तोरिओ दे सिका याचा ‘उंबेर्तो डी.’ (१९५२). रोममधला निवृत्त कारकून, तुटपुंजं पेन्शन, घरमालकीण बाहेर काढायला टपलेली, आणि सोबत फ्लाइक नावाचं लहानसं कुत्रं. कारकुनाची भूमिका कार्लो बातिस्ती या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने केली, त्याने आधी कधी अभिनय केला नव्हता. म्हातारा भीक मागायचं ठरवतो. हात पुढे करतो, कुणीतरी नाणं द्यायला थांबतं, तोच लाज वाटून तळहात उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का बघत होता. मग तो टोपी फ्लाइकच्या तोंडात देतो आणि खांबाआड लपतो. कुत्रं मागच्या दोन पायांवर, टोपी धरून, उभं. एवढ्यात ओळखीचा माणूस येतो आणि म्हातारा बाहेर येऊन कुत्रं खेळतंय असं भासवतो. फ्लाइकला यातलं काही कळत नाही. त्याला उभं राहायला सांगितलंय, तो उभा आहे. तेच तर जिव्हारी लागतं.

शेवटी उंबेर्तो फ्लाइकला छातीशी धरून रुळांकडे जातो. गाडी जवळ येते. कुत्रं घाबरून केकाटतं, धडपडतं, हातातून सुटून पळतं. म्हातारा वाचतो. आणि मग फ्लाइक त्याच्या जवळ येईना. त्याला त्या हातांचा भरवसा राहिलेला नाही. म्हातारा पाइनचं फळ उचलून नाचवतो, झाडाआड लपतो, आर्जवं करतो, तेव्हा कुठे ते शेपटी हलवत येतं. निष्ठेची इतकी खरी व्याख्या मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही. कुत्रं माफ करतं, पण आधी जीव वाचवतं.

आपल्याकडे अशी नजर होती ती सत्यजित राय यांची. ‘पथेर पांचाली’ (१९५५) मध्ये मिठाईवाल्याच्या मागून दुर्गा आणि अपू निघतात, त्यांच्यामागे गावातलं एक कुत्रं. तळ्यात सगळ्यांची प्रतिबिंबं. ते कुत्रं, भुलो, त्याच गावातलं होतं आणि ऐकतच नव्हतं. शेवटी दुर्गेने हात पाठीमागे घेऊन त्यात संदेश ही मिठाई धरली, तेव्हा ते चालू लागलं. पैसे संपून चित्रीकरण सहा महिने थांबलं, तेवढ्यात भुलो मेला. तसंच दिसणारं दुसरं कुत्रं शोधून त्याचं उरलेलं काम पुरं केलं गेलं. पडद्यावर जोड कळत नाही.

हिंदी सिनेमाचं कुत्र्याशी नातं मात्र दुटप्पी राहिलं. नायकाच्या तोंडी ‘कुत्ते’ ही शिवी, आणि त्याच काळात कुत्रा नायक. ‘तेरी मेहरबानियाँ’ (१९८५) मध्ये मोती आपल्या मालकाच्या, म्हणजे जॅकी श्रॉफच्या, खुनाचा बदला घेतो. तो चित्रपट पाहताना बायाबापड्या पदराने डोळे पुसत होत्या, हे मी विसरलेले नाही, आणि त्या रडण्याला मी हसणार नाही. ‘दिल धडकने दो’ (२०१५) मध्ये प्लुटो आमिर खानच्या आवाजात माणसांबद्दल बोलतो, बोलतो छान, पण बोलतात जावेद अख्तर. ‘चिल्लर पार्टी’ (२०११) मला या सगळ्यांत जवळची. मुंबईतली एक कॉलनी, गाड्या धुणारा फटका आणि त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नावच भिडू. मंत्री भटक्या कुत्र्यांवर उठतो आणि मुलं चड्डीवर मोर्चा काढतात. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही हक्काची जागा असते, असं उघडपणे म्हणणारा हिंदी चित्रपट दुर्मीळच.

दक्षिणेने याहून पुढचं पाऊल टाकलं. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) मध्ये करुप्पी ही काळी चिप्पिपारै शिकारी कुत्री आहे, आपल्या लातूर-सोलापूरकडच्या कारवानीची आठवण करून देणारी. वरच्या जातीतले लोक तिला रुळांवर बांधतात. तिचा मालक, नायक परियन, धावतो, पोहोचत नाही. मग सगळी वस्ती तिची अंत्ययात्रा काढते, माणसाची काढतात तशी. तिथे कुत्री निष्ठेचं प्रतीक नाही. ज्यांना हात लावायची हिंमत आज होत नाही, त्यांच्या वाट्याचा मार तिला मिळतो. ‘फँड्री’ त डुक्कर पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. कन्नड ‘७७७ चार्ली’ (२०२२) प्रेमळ आहे, लांबलेलाही आहे, पण त्यातली लॅब्राडॉर ज्या आजाराने मरते त्याचं मूळ जवळच्या नात्यातल्या पैदाशीत आहे, हे तो स्पष्ट सांगतो. विकत घेतल्या जाणाऱ्या जातिवंत पिल्लाच्या मागे काय असतं, हे एका लोकप्रिय चित्रपटाने एवढं थेट सांगितलेलं मी प्रथमच पाहिलं.

आणि मराठी सिनेमा? ‘वळू’ तला बैल आठवतो, ‘देऊळ’ मधली करडी गाय आठवते. कुत्रा असतो, पण चौकटीच्या कडेला, पारावर झोपलेला. ज्या मातीत दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाचे भक्त स्वतःला त्याचे वाघ्या म्हणवतात आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात, तिथे गावठी कुत्र्यावर एक मोठा चित्रपट अजून व्हायचा आहे, याचं मला वाईट वाटतं. त्यात चावलेल्या माणसाची भीतीही असावी. रेबीज हा खराच मृत्यू आहे, आणि ती भीती बाजूला सारून काढलेला कुत्र्याचा सिनेमा अर्धाच राहील.

तोवर एवढं करा. सिनेमा पाहून घरातलं मूल कुत्रं हवं म्हणून हटून बसलं, तर आधी जवळच्या प्राणी-निवाऱ्यात घेऊन जा, किंवा आपल्याच गल्लीतल्या पिल्लांपाशी. स्पाइक आणि हिगिन्स अशाच ठिकाणी भेटले होते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या आणि दर वर्षी ती पुन्हा द्या. त्याला पुढची बारा-पंधरा वर्षं द्यावी लागणार आहेत, मुलाच्या दहावीच्या वर्षासकट.